पाहण्याची वस्तू आणि पाळण्याची आज्ञा

ज्ञान, करमणूक आणि आठवण या तिन्हींची साठवण आजच्या मराठी घरात ज्या एका रूपात सर्वाधिक होते, ते रूप चित्रफितीचे आहे. लग्नाची चित्रफीत छायाचित्रकार आता डबीत घालून हातात देत नाही, तो एक लिंक पाठवतो; स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी शिकवणीची व्याख्याने उतरवून घेतो आणि रात्री निवांतपणे पाहतो; गावच्या सप्ताहातले कीर्तन आखातात वा अमेरिकेत असलेल्या मुलापर्यंत त्याच दिवशी पोहोचते; आणि नवा चित्रपट, तो कोणत्या का मार्गाने येईना, मोबाइलवर उतरवून घेण्याचा मोह आवरणे पुष्कळांना कठीण जाते. या सर्व व्यवहाराच्या मुळाशी एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती ही की चित्रफीत केवळ पाहिली जाते आणि म्हणून ती निरुपद्रवी असते. ही समजूत बहुतांशी खरी आहे. आणि बहुतांशी खरी असल्यामुळेच तिच्या आडोशाने घातक प्रोग्राम आपल्या यंत्रात शिरवणाऱ्यांचे फावते. ती कोठवर खरी आहे आणि कोठे संपते, ही सीमारेषा एकदा स्पष्ट दिसली की या विषयातील निम्मी भीती आणि जवळजवळ सारा धोका दूर होतो.

संगणक असो वा मोबाइल, त्यात साठवलेल्या फाइलींचे दोन वर्ग पडतात. एका वर्गात वाचण्याची, ऐकण्याची वा पाहण्याची सामग्री असते. दुसऱ्या वर्गात यंत्राने पाळावयाच्या आज्ञा असतात, आणि त्यांनाच आपण प्रोग्राम किंवा अ‍ॅप म्हणतो. पत्र, छायाचित्र, गाणे आणि चित्रफीत ही सारी पहिल्या वर्गातील मंडळी. चित्रफितीच्या पोटात दर सेकंदाला चोवीस, पंचवीस वा तीस या हिशेबाने घेतलेली चित्रे दाबून लहान केलेली असतात, त्यांच्या शेजारी ध्वनी असतो आणि कोणते चित्र कोणत्या क्षणी दाखवायचे याची नोंद असते. ती स्वतः काहीच करीत नाही. तिला उलगडून पडद्यावर मांडण्याचे काम प्लेअर नावाचा वेगळा प्रोग्राम करतो. म्हणून जी फाइल खरोखरच चित्रफीत आहे आणि जिला उलगडणारा प्लेअर निर्दोष आहे, ती पाहिल्याने बँकेतील पैसा जात नाही की संगणक बंद पडत नाही. अपाय होण्याचे मार्ग तीनच उरतात: चित्रफितीचा वेष घेतलेली फाइल मुळात प्रोग्रामच असणे, चित्रफितीने पाहणाऱ्याला दुसरे काही करण्याची अट घालणे, आणि प्लेअरमध्येच एखादे छिद्र असणे. पहिले दोन मार्ग रोजचे आणि सर्रास आहेत, तिसरा विरळा असला तरी गंभीर आहे, आणि तिन्हींवरचे उपाय भिन्न असल्यामुळे ते एकेक करून समजून घेणे इष्ट ठरेल.

फाइल कोणत्या वर्गातील आहे हे तिच्या अंतरंगावरून ठरते. विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलीचा आरंभ 'एमझेड' या दोन अक्षरांनी होतो. ती मायक्रोसॉफ्टमधील मार्क झ्बिकोव्स्की या अभियंत्याची आद्याक्षरे असून डॉसच्या काळापासून आजतागायत तशीच चालत आली आहेत. एमपी४ प्रकारच्या फाइलीत पहिल्या चार बाइटांनंतर 'एफटीवायपी' ही अक्षरे सापडतात, आणि जुन्या एव्हीआय फाइलीचा आरंभ 'आरआयएफएफ' या अक्षरांनी होतो. परंतु आपण एखाद्या फाइलीवर दोनदा क्लिक करतो तेव्हा ती कोणाच्या हवाली करायची, याचा निर्णय विंडोज असे अंतरंग तपासून घेत नाही, तर नावातील शेवटच्या टिंबापुढे जी अक्षरे असतील त्यांवरून घेते. ती 'एमपी४' असतील तर फाइल प्लेअरकडे जाते. 'ईएक्सई' असतील तर ती आज्ञापत्र म्हणून थेट अमलात आणली जाते. यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. घातक प्रोग्रामला नुसते 'एमपी४' असे नाव देऊन भागत नाही, कारण मग तो प्लेअरकडे जाईल आणि प्लेअर 'ही फाइल चालत नाही' एवढेच सांगून थांबेल. फसवणाऱ्याला आज्ञेचा खरा शेवट कायम ठेवावाच लागतो, आणि त्याची सारी करामत तो शेवट आपल्या दृष्टीआड करण्यात खर्ची पडते.

या करामतीला सर्वांत मोठा हातभार खुद्द यंत्राच्या एका सोयीने लावला आहे. विंडोज ९५ पासून मायक्रोसॉफ्टने ओळखीच्या फाइलींच्या नावांचे शेवट आपण होऊन लपवण्याची पद्धत ठेवली, हेतू हा की सामान्य माणसाला त्या अक्षरांचा जाच होऊ नये. परिणाम असा झाला की 'वरात.एमपी४.ईएक्सई' अशा नावाची फाइल पडद्यावर 'वरात.एमपी४' एवढीच दिसू लागली. तिला चित्रफितीसारखे चिन्ह चिकटवणे तर त्याहून सोपे, कारण प्रोग्रामचे चिन्ह कोणते असावे हे तो लिहिणाराच ठरवतो. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून निघून अल्पावधीत जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' हा व्हायरस याच फटीतून आत आला; प्रेमपत्र म्हणून आलेल्या त्या फाइलीच्या नावात आधी साध्या मजकुराचा 'टीएक्सटी' हा शेवट होता आणि त्यामागे 'व्हीबीएस' हा आज्ञावलीचा खरा शेवट दडलेला होता. यंत्रात शिरल्यावर तो एमपी३ गाण्यांच्या फाइली लपवून त्यांच्या नावाने स्वतःच्याच प्रती मांडून ठेवी, जेणेकरून गाणे ऐकावयास गेलेला मनुष्य त्याला पुन्हा आपल्याच हाताने चालवी. तो निर्माण करणाऱ्या तरुणावर फिलिपाइन्समध्ये खटला उभा राहू शकला नाही, कारण तशा कृत्याविरुद्ध त्या देशात त्या वेळी कायदाच नव्हता. आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान अधिनियम त्याच वर्षी झाला आणि १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला.

लपवणुकीचे दुसरे प्रकार याहून सूक्ष्म आहेत. अरबी, उर्दू, हिब्रू या लिपी उजवीकडून डावीकडे लिहिल्या जातात, आणि त्यांच्यासाठी युनिकोडमध्ये लेखनाची दिशा फिरवणारे एक अदृश्य चिन्ह आहे. ते चिन्ह नावाच्या मध्यभागी घातले की पुढील अक्षरे पडद्यावर उलट क्रमाने उमटतात, आणि ज्या नावाचा खरा शेवट आज्ञेचा आहे ते चित्राच्या शेवटाचे भासू लागते. टेलिग्रामच्या विंडोजवरील आवृत्तीत या युक्तीचा गैरवापर झाल्याचे कॅस्परस्की या कंपनीने फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड केले होते. तिसरा प्रकार शॉर्टकटचा. 'एलएनके' या शेवटाची शॉर्टकट फाइल स्वतः इवलीशी असते, पण यंत्राला एखादी लांबलचक आज्ञा पाळावयास सांगण्याचे सामर्थ्य तिच्यात असते. आणि शेवट दाखवण्याची सोय चालू केली तरीही विंडोज हा एक शेवट दाखवीत नाही, चिन्हाच्या कोपऱ्यातील लहानसा बाण हीच काय ती खूण. जानेवारी २०१९ मध्ये 'द गर्ल इन द स्पायडर्स वेब' या चित्रपटाची म्हणून 'पायरेट बे' या चोरट्या प्रतींच्या संकेतस्थळावर जी फाइल फिरत होती, ती नेमकी अशी शॉर्टकट फाइल होती, आणि ती उघडणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये शिरून शोधाचे निकाल आणि पैसे पाठवण्याचे पत्ते परस्पर बदलण्याचा उद्योग करी.

यांत चौथा प्रकार जोडावयास हवा तो बंद गाठोड्याचा. 'झिप' वा 'आरएआर' अशा शेवटाच्या फाइलीत चित्रपट बांधून दिला जातो, गाठोड्याला पासवर्ड घातलेला असतो आणि तो पासवर्ड शेजारीच लिहून ठेवलेला असतो. ज्याला काही गुप्त ठेवावयाचे आहे तो किल्ली दारावर टांगून ठेवीत नाही, एवढा विचार मनात आला तरी संशय उत्पन्न व्हावा; कारण त्या पासवर्डाचा खरा उपयोग अँटीव्हायरसला आत डोकावता येऊ नये हाच असतो. आकारही पुष्कळ सांगून जातो. दोन तासांचा चित्रपट साधारण सातशे मेगाबाइटांपासून काही गिगाबाइटांपर्यंत भरतो. तो दोन-चार मेगाबाइटांत येत असेल तर तो चित्रपट नव्हे हे निश्चित समजावे. उलट बाजूने मात्र खात्री धरता येत नाही, कारण निरर्थक मजकूर भरून फाइल फुगवण्याची विद्या या लोकांना अवगत आहे. लोकप्रियतेचा आणि या धंद्याचा संबंध किती निकटचा आहे हे कॅस्परस्कीच्या २०१९ च्या अहवालावरून दिसते: २०१८ साली दूरदर्शन-मालिकांच्या नावाने पसरवलेल्या घातक फाइलींपैकी १७ टक्के एकट्या 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या नावावर होत्या, आणि त्या वर्षी या मालिकेचा एकही नवा भाग प्रसारित झालेला नव्हता. ज्याची लोक उत्कंठेने वाट पाहतात, त्याच नावाचे सोंग घेतले जाते.

आता दुसऱ्या मार्गाकडे वळू. येथे फाइल खरोखरच चित्रफितीच्या जातीची असू शकते, पण ती दिसण्यापूर्वी पाहणाऱ्याकडून काहीतरी करवून घेऊ पाहते. जानेवारी २००५ मध्ये स्पेनमधील पांडा सॉफ्टवेअर या संस्थेने असे दोन प्रकार निदर्शनास आणले. विंडोज मीडियाच्या फाइलींत स्वामित्वहक्काच्या रक्षणासाठी एक तजवीज होती: फाइल उघडली की प्लेअरने ठरलेल्या पत्त्यावर जाऊन परवाना आणावा. या तजविजीचा दुरुपयोग करून परवान्याऐवजी भलत्याच पानावर नेले जाई आणि तेथून नको ते प्रोग्राम यंत्रात उतरवले जात. पुढील दोन-तीन वर्षांत याहून साधी आणि म्हणूनच अधिक परिणामकारक युक्ती रूढ झाली. पडद्यावर काळी चौकट उमटे आणि तीत लिहिलेले असे की ही चित्रफीत पाहण्यासाठी अमुक कोडेक उतरवून घ्या. कोडेक म्हणजे दाबलेली चित्रे उलगडण्याची रीत. ती खरोखर लागते, त्या काळी ती वेगळी घ्यावीही लागे, आणि त्यामुळे ती मागणी कोणालाही वावगी वाटत नसे. 'झ्लॉब' नावाचा घातक प्रोग्राम अशा खोट्या कोडेकच्या रूपाने लक्षावधी यंत्रांत गेला.

त्याच कुळातील 'डीएनएस चेंजर'ची कथा या विषयातील सर्वांत बोधप्रद होय. आपण ब्राउझरमध्ये बँकेचे नाव लिहितो तेव्हा त्या नावाचा अंकी पत्ता कोणता, हे सांगण्याचे काम डीएनएस नावाची व्यवस्था करते. चित्रफीत पाहण्यासाठी लागणारा प्रोग्राम म्हणून घेतलेल्या या पाहुण्याने दुसरे काहीही न मोडता एवढेच केले, की पत्ता विचारण्याची जागा बदलली. तेव्हापासून त्या यंत्राचा मालक कोणत्याही नावाने गेला तरी तो जाणार कोठे, हे एस्टोनियातील एक टोळी ठरवू लागली. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'ऑपरेशन घोस्ट क्लिक' या मोहिमेत या टोळीतील सहा एस्टोनियन नागरिकांच्या अटकेची घोषणा केली, तेव्हा सुमारे शंभर देशांतील चाळीस लाखांहून अधिक संगणक तिच्या कह्यात होते आणि तिने निदान १ कोटी ४० लाख डॉलर मिळवले होते. टोळीचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर या लाखो यंत्रांना इंटरनेटवरील एकही पत्ता सापडला नसता. म्हणून न्यायालयाच्या अनुज्ञेने त्यांच्या जागी तात्पुरती निर्दोष व्यवस्था चालवावी लागली, आणि ती ९ जुलै २०१२ रोजी बंद करण्यात आली. एका चित्रफितीपुढे दिलेल्या एका होकाराचा पसारा एवढा वाढू शकतो.

आजचे प्लेअर आणि ब्राउझर बहुतेक सर्व प्रचलित कोडेक स्वतःबरोबरच आणतात, त्यामुळे वेगळे कोडेक मागणारी चित्रफीत आता जवळजवळ निरपवादपणे संशयास्पद समजावी. 'फ्लॅश प्लेअर अद्ययावत करा' हा संदेश तर सरळ असत्य होय, कारण अ‍ॅडोबीने त्या प्लेअरचे पालनपोषण ३१ डिसेंबर २०२० रोजीच थांबवले आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातून काही दाखवणेही बंद केले. जो मृत झाला त्याचे नूतनीकरण कसले? परंतु अशा ठळक खुणा प्रत्येक वेळी मिळतीलच असे नाही, आणि म्हणून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट खुणांच्या यादीपेक्षा अधिक मूलभूत आहे. यंत्राने एखादा प्रोग्राम बसवण्याची अनुज्ञा मागितली आणि आपण होकार दिला, की आपण एखाद्या अनोळखी गृहस्थाला कोऱ्या मुखत्यारपत्रावर सही करून देतो. त्यानंतर तो जे करील ते आपल्या नावाने आणि आपल्या अधिकाराने केलेले असते, आणि आपण तर त्याला फक्त चित्रपट दाखव असे म्हटले होते, ही कैफियत यंत्रापुढे चालत नाही.

मोबाइलवर हाच प्रकार 'एपीके' या शेवटाच्या फाइलीने होतो. एपीके म्हणजे अँड्रॉइडचे अ‍ॅप बांधून ठेवलेली फाइल. अलीकडे भारतात लग्नाची निमंत्रणपत्रिका, वाहतूक विभागाचे चलन, सरकारी योजनेची यादी अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फाइलींनी पुष्कळ कुटुंबांची खाती रिकामी केली आहेत, आणि त्या वारंवार आपल्याच आप्तांच्या नंबरावरून येतात, कारण त्यांचा मोबाइल आधीच कोणाच्या तरी ताब्यात गेलेला असतो. चित्रफितीचा वेषही या फाइलींना घेता येतो. ईसेट या संस्थेने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला टेलिग्राममधील दोष असा होता की पाठवलेली एपीके फाइल संभाषणात तीस सेकंदांच्या चित्रफितीसारखी दिसे. ती चालवावयास गेले की 'ही चित्रफीत येथे चालत नाही, दुसऱ्या प्लेअरने पाहावी का' असा प्रश्न येई, आणि होकार देणाऱ्यापुढे अ‍ॅप बसवण्याची सूचना उभी राही. टेलिग्रामने ११ जुलै २०२४ रोजी हा दोष दूर केला. परंतु या प्रकारातही अँड्रॉइडने 'अनोळखी ठिकाणचे अ‍ॅप बसवू द्यायचे का' हा प्रश्न विचारल्यावाचून पुढचे पाऊल पडत नव्हते, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. अ‍ॅप बसल्यावर ते एसएमएस वाचण्याची मुभा मागते, आणि ती मिळाली की बँकेचा ओटीपी परस्पर वाचला जातो; अपंगांच्या सोयीसाठी असलेली 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची मुभा मिळाली तर पडद्यावरील प्रत्येक अक्षर त्याला दिसते आणि आपल्या बोटाऐवजी तेच बटणे दाबू शकते.

तिसरा मार्ग प्लेअरमधील छिद्राचा, आणि येथे पाहणाऱ्याचा काही अपराध नसतो. चित्रफितीत मजकुराचे जे खंड असतात त्यांच्या आरंभी प्रत्येकाचा आकार नोंदलेला असतो, आणि प्लेअर तेवढी जागा स्मृतीत राखून तो खंड तेथे उतरवतो. नोंदलेला आकार बुद्ध्या चुकीचा ठेवला आणि प्लेअर लिहिणाऱ्याने त्याची पडताळणी केली नसली, तर मजकूर राखलेल्या जागेबाहेर सांडतो, प्लेअरच्या स्वतःच्याच शेजारील नोंदींवर जाऊन पडतो, आणि कुशलतेने रचलेला असेल तर त्या नोंदींच्या जागी आज्ञा होऊन बसतो. पाहण्याची वस्तू पाळण्याच्या वस्तूत रूपांतरित होण्याचा हा एकमेव खरा मार्ग. जुलै २०१५ मध्ये झिंपेरियम या संस्थेतील जोशुआ ड्रेक यांनी अँड्रॉइडच्या 'स्टेजफ्राइट' या भागातील असे दोष जाहीर केले, तेव्हा सुमारे ९५ कोटी मोबाइलांना त्यांची बाधा होऊ शकते असा अंदाज होता. एमएमएसने आलेली चित्रफीत उघडून पाहण्याचीही त्यात गरज नव्हती. त्यानंतरच्या महिन्यापासून गूगलने सुरक्षेच्या दुरुस्त्या दरमहा देण्याचा प्रघात सुरू केला. मे २०१७ मध्ये चेक पॉइंट या संस्थेने दाखवून दिले की चित्रफीतच नव्हे तर तिच्या सोबतची उपशीर्षकांची फाइलही हेच काम करू शकते. व्हीएलसी, कोडी, पॉपकॉर्न टाइम आणि स्ट्रेमिओ या प्लेअरांत तसे दोष आढळले होते. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपमधील एमपी४ फाइलीच्या वाचनातील दोष जाहीर झाला, तेव्हा आपल्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेनेही नागरिकांना इशारा दिला होता.

या तिसऱ्या मार्गावर सामान्य माणसाच्या हाती एकच उपाय आहे, पण तो बहुतेक वेळा पुरेसा ठरतो: यंत्रणा आणि प्लेअर अद्ययावत ठेवणे. वर सांगितलेले सारे दोष जाहीर झाल्यावर त्यांची दुरुस्ती उपलब्ध झाली. ज्यांनी ती घेतली ते त्या दोषांपासून मुक्त झाले आणि ज्यांनी 'नंतर आठवण करा' हे बटण दाबले त्यांच्यासाठी तो दोष जाहीर होऊन अधिकच धोक्याचा झाला. मात्र प्लेअर घ्यावा तो त्याच्या मूळ ठिकाणाहूनच. पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मलेला व्हीएलसी हा विनामूल्य प्लेअर आपल्याकडे अतिशय लोकप्रिय आहे. २०२२ साली फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत त्याचे अधिकृत संकेतस्थळ भारतात बंद होते. अशा वेळी मनुष्य शोध घेऊन जे पहिले ठिकाण सापडेल तेथून फाइल उचलतो, आणि चित्रफितीपासून स्वतःचे रक्षण करावयास निघालेला प्लेअरच्याच नावाने फसतो. मोबाइलवर प्ले स्टोअर आणि संगणकावर निर्मात्याचे स्वतःचे ठिकाण, याबाहेर पाऊल टाकू नये.

मग रोजच्या वापरात बंदोबस्त कसा ठेवावा? विंडोज ११ च्या फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', त्यात 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' ही सोय आजच चालू करावी, म्हणजे नावांचे लपलेले शेवट दिसू लागतील. चित्रफीत म्हणून आलेल्या फाइलीच्या शेवटी ईएक्सई, एससीआर, बीएटी, व्हीबीएस, जेएस, एमएसआय किंवा एपीके दिसले तर ती न उघडता काढून टाकावी. उतरवलेल्या फाइलीवर दोनदा क्लिक करण्याऐवजी आधी प्लेअर उघडावा आणि त्याच्या 'ओपन' या आज्ञेने ती फाइल दाखवावी. ही सवय लहानशी दिसते, परंतु वेषांतर केलेल्या प्रोग्रामचे तिच्यापुढे काही चालत नाही, कारण प्लेअर त्याला चालवीत नाही, वाचू पाहतो आणि नाकारतो. घरातील संगणकावर रोजच्या वापरासाठी मर्यादित अधिकारांचे खाते ठेवावे आणि प्रशासकाचे खाते निराळे असावे. अँटीव्हायरस चालू असावा, मग तो विंडोजबरोबर येणारा असो वा अन्य. या क्षेत्रात पुण्यातील कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात क्विक हीलचा पाया घातला, ही मराठी वाचकाला अभिमानास्पद वाटावी अशी गोष्ट आहे. संशय असलेली फाइल व्हायरसटोटल या संकेतस्थळावर अनेक अँटीव्हायरसांकडून एकदम तपासून घेता येते. पण तेथे दिलेली फाइल इतर संशोधकांना उपलब्ध होते, म्हणून घरगुती चित्रफीत तेथे देऊ नये. आणि या सर्वांवर कडी करणारी गोष्ट म्हणजे महत्त्वाच्या छायाचित्रांची आणि दस्तऐवजांची एक प्रत यंत्राला न जोडलेल्या डिस्कवर ठेवणे, कारण फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपुढे तीच एक ढाल टिकते.

चोरट्या चित्रपटांविषयी दोन शब्द स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे. २०१६ साली 'सैराट' चित्रपटगृहांत गर्दी खेचत असतानाच त्याच्या चोरट्या प्रती मोबाइलांवर फिरत होत्या, आणि त्यामागे किती कलावंतांच्या व तंत्रज्ञांच्या श्रमांची लूट होती हे सांगावयास नको. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ सुधारणा कायद्याने चित्रपटाचे अनधिकृत चित्रण वा प्रसारण करणाऱ्याला किमान तीन महिने आणि कमाल तीन वर्षे कारावास व किमान तीन लाख रुपये दंड ठेवला आहे. परंतु सुरक्षिततेच्या दृष्टीने मुद्दा निराळा आहे. ज्या दुकानाला पत्ता नाही, ज्याच्या मालकाला नाव नाही आणि जेथे ग्राहक काहीच देत नाही, तेथे खर्च भागतो कोठून, याचे उत्तर ग्राहकाच्या यंत्रातच शोधावे लागते. अधिकृत ठिकाणी काही बिघडले तर फिर्याद करावयास कोणीतरी असते; येथे कोणीच नसते.

आणि आपण अशा ठिकाणी गेलो होतो, ही जाणीवच फसवल्या गेलेल्या माणसाला मुके करते. चोरीचा चित्रपट उतरवला होता, नको ती चित्रफीत पाहावयास गेलो होतो, घरचे काय म्हणतील, पोलीस आपल्यालाच विचारतील, अशा संकोचाने तो दोन दिवस गप्प बसतो, आणि त्या दोन दिवसांत खाते रिकामे होते. असे कोणावरही न ओढवो. पण ओढवलेच तर क्रम असा असावा. यंत्राचे इंटरनेट तत्काळ तोडावे. दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून ईमेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदलावा. बँकेला कळवावे, आणि पैसा गेला असेल तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब फोन करून नंतर 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' येथे लेखी तक्रार नोंदवावी. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असताना मधल्या मुक्कामावर त्याला अडवता येते, आणि ही संधी तासागणिक आटत जाते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तर ग्राहकाचा दोष नसलेल्या व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत बँकेला कळवणाऱ्यावर नुकसानीचा भार पडू नये असे ठरवून दिले आहे. यंत्र स्वच्छ करण्यासाठी केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने विनामूल्य साधने उपलब्ध केली आहेत. आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ४३ व ६६ या कलमांखाली दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस सोडणारा गुन्हेगार ठरतो. ज्याच्या यंत्रात तो सोडला गेला तो फिर्यादी असतो, ही गोष्ट त्या फिर्यादीने आणि त्याच्या घरच्यांनी विसरता कामा नये.

म्हणून घरातील ज्या तरुणांना ही यंत्रे सहज हाताळता येतात, त्यांनी आईवडिलांच्या आणि आजीआजोबांच्या मोबाइलमधील अनोळखी अ‍ॅपांची मुभा बंद करून द्यावी, संगणकातील नावांचे शेवट उघडे करून द्यावेत, आणि त्यांना तांत्रिक शब्दांची जंत्री पाठ करावयास न लावता एकच नियम समजावून सांगावा. चित्रफितीचे काम दिसण्याचे आणि आपले काम पाहण्याचे. तिने बसवण्यासाठी काही दिले, कोणती अनुज्ञा मागितली, कोडेक, परवाना, नवा प्लेअर वा पासवर्ड यांपैकी कशाचाही आग्रह धरला, तर त्या क्षणी ती पाहण्याची वस्तू राहिली नाही असे समजून ती बंद करावी, मग ती कितीही जिव्हाळ्याच्या माणसाच्या नावाने आलेली असो. त्या माणसाला फोन करून खातरजमा करून घेण्यास एक मिनिट लागते. आणि खरोखरच ती त्याच्याच घरच्या लग्नाची चित्रफीत असेल, तर ती तो आनंदाने पुन्हा पाठवील.